अझेलियाची हौस आणि आपल्या अंगणातली माती

दार्जिलिंग, सिक्कीम किंवा नेपाळकडे यात्रेला जाऊन आलेली आपली मंडळी एका फुलाचे वर्णन हमखास करतात. डोंगरच्या डोंगर लाल फुलांनी भरलेले! हे फूल ऱ्होडोडेंड्रॉनचे. उत्तराखंडात त्याला बुरांश म्हणतात, नेपाळात लालीगुरांस. नेपाळचे ते राष्ट्रीय फूल आहे. त्याच्याच जातकुळीतले ठेंगणे झुडूप म्हणजे अझेलिया. हिवाळ्यात ते कुंडीत फुललेले विकत मिळते आणि हौसेने घरी येते. पण गोंदियाच्या उन्हाळ्यात पाने करपतात, झाड मरते, आणि बिड्या वळून किंवा रोवणीला जाऊन कमावलेला पैसा वाया जातो.

मग कुणी म्हणते, नजर लागली. कुणी कुंडीला काळी बाहुली बांधते. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी आपल्याला जो धम्म दिला, तो कारणाशिवाय काही घडत नाही असे सांगतो. झाड मेले त्यालाही कारण आहे. ते समजून घेऊ.

झाड का मरते?

बुरांश हिमालयात साधारण 1500 मीटर उंचीच्या वर वाढतो. आपले गोंदिया जेमतेम 300 मीटरवर, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो. हे पहिले कारण.

दुसरे कारण माती. या झाडांची मुळे केसासारखी बारीक असतात आणि वरच्या थरातच पसरतात. त्यांना पालापाचोळा कुजून झालेली, भुसभुशीत, आंबट माती लागते. आंबट म्हणजे चुन्याचा अंश नसलेली. चुना वाढला की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आपल्या कन्हार मातीत पाणी साचून मुळे कुजतात, बरडीत पाणी टिकत नाही.

त्यात आपण नकळत भर घालतो. चुलीतली राख झाडाच्या बुडाशी टाकतो. राखेत चुन्याचाच गुण असतो. 14 एप्रिल जवळ आली की घराला चुना मारतो आणि तो निथळून वाफ्यात उतरतो. बोअरचे पाणी जड असेल तर रोज थोडा चुना झाडाला मिळतोच.

हौस करायचीच तर

अझेलिया जमिनीत लावू नका. पसरट कुंडीत पानांचे कुजलेले खत, थोडी वाळू आणि लाल माती घाला. रोप खोल पुरू नका, बुडाशी खुरपे चालवू नका. वर सुक्या पानांचा थर द्या. सकाळचे कोवळे ऊन पुरे. फुले संपताच छाटणी करा. उशिरा छाटल्यास पुढच्या बहराच्या कळ्याच कापल्या जातात. एवढे करूनही उन्हाळ्यात ते टिकेल असे समजू नका. हा हिवाळ्याचा पाहुणा आहे, हे जाणूनच पैसे खर्च करा.

घरी शेळ्या असतील तर आणखी जपा. ऱ्होडोडेंड्रॉन आणि अझेलियाचे पान, फूल विषारी असते. शेळीने खाल्ले तर लाळ गळते, ओकारी होते, ती लडखडते. लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. लहान मुलांनाही फुले चोखू देऊ नका.

आपल्या हवेतले झाड

तीच गुच्छांची शोभा हवी असेल तर एक्झोरा लावा. काही भागांत याला रुग्मिणी म्हणतात. हे मूळचे दक्षिण भारत आणि श्रीलंकेतले. कूळ वेगळे, पण आंबट मातीची आवड अझेलियासारखीच. उष्णता मात्र सोसते. पावसाळ्यात वीतभर लांबीची काडी लावली तरी मुळे धरते, म्हणजे शेजारणीकडून फांदी आणली की काम भागते. चुना मारलेल्या भिंतीपासून दोन-तीन फूट दूर लावा. पावळ्यांचे पाणी हंड्यात, पिंपात साठवा आणि आधी याच झाडाला घाला. पाने पिवळी पडलीच तर 1 लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस मिसळून संध्याकाळी पानांवर फवारा.

वैशाख पौर्णिमा भर उन्हाळ्यात येते. तेव्हा बाजारात फुले महाग असतात. अंगणातल्या एक्झोराला भांडी धुतलेले, साबण नसलेले पाणी रोज मिळाले तर त्या दिवशी विहारात न्यायला दोन गुच्छ नक्की निघतील. तथागतांपुढे फूल ठेवताना आपण काही मागत नाही. हे फूल कोमेजेल तसा हा देहही जाणार, याचे स्मरण करतो. त्यासाठी डोंगरावरचे महाग फूल लागत नाही. येत्या पावसाळ्यात प्रत्येक घरी एक काडी लावा, आणि एक विहाराच्या आवारात.