वृक्षांवर वसलेले राज्य

नगर वसवावयाचे तर अरण्य तोडले पाहिजे, हा जगाचा फार जुना शिरस्ता आहे. महाभारतात खांडववन अग्नीच्या स्वाधीन होते आणि त्या वणव्यातून जीव वाचलेला मयासुर पुढे पांडवांची सभा उभारतो. रामायणात अयोध्या हे एक टोक आणि दंडकारण्य हे दुसरे. राजपुत्राला वनात धाडणे म्हणजे त्याला राज्यापासून तोडणे, असाच त्याचा अर्थ. नगर आणि अरण्य यांचे हे वैर आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, अरण्याला धक्का न लावता, प्रत्यक्ष वृक्षांच्या फांद्यांवर एखादे राज्य नांदत असेल ही कल्पना सहसा कोणाच्या मनात येत नाही. विसाव्या शतकातील एका इंग्रज लेखकाने ती कल्पना केली आणि तिचा तपशील इतक्या काटेकोरपणे भरला की, त्या राज्याच्या सीमा, संरक्षणव्यवस्था, परराष्ट्रसंबंध आणि अखेर त्याचा अस्त, या साऱ्यांचा विचार एखाद्या ऐतिहासिक राज्याप्रमाणे करता येतो. त्या राज्याचे नाव लोथलॉरिएन, त्याच्या राजधानीचे नाव कारास गालाधॉन आणि त्या लेखकाचे नाव जे. आर. आर. टॉल्किन.

टॉल्किन यांचा जन्म १८९२ साली दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. बालपणाची काही वर्षे त्यांनी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम शहरालगतच्या सेअरहोल या खेड्यात काढली. पाणचक्की, ओढा आणि झाडी असलेला तो परिसर पुढे वाढत्या शहराने वेढला. १९१६ साली पहिल्या महायुद्धातील सोम येथील रणक्षेत्रावर, जेथे तोफांच्या माऱ्याने वनांची नुसती खुंटे उरली होती, तेथे ते सैन्यात अधिकारी होते. युद्धानंतर ऑक्सफर्ड विद्यापीठात ते १९२५ पासून १९५९ पर्यंत प्राध्यापक होते. प्राचीन इंग्रजी भाषा हा त्यांच्या अध्यापनाचा विषय आणि नव्या भाषा रचणे हा त्यांचा छंद. आधी भाषा सिद्ध झाल्या आणि मग त्या बोलणारे लोक व त्या लोकांचा इतिहास त्यांनी कल्पिला, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. १९३९ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी असे प्रतिपादन केले की, परीकथा लिहिणारा लेखक एक दुय्यम सृष्टी निर्माण करतो, आणि त्या सृष्टीचे नियम आतून सुसंगत असतील तरच वाचकाचा तिच्यावर विश्वास बसतो. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या त्यांच्या कादंबरीचे तीन खंड १९५४ व १९५५ साली प्रसिद्ध झाले. लोथलॉरिएनचे वर्णन पहिल्या खंडात येते. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४१ सालाच्या अखेरीस, आपले लेखन या वनापर्यंत येऊन पोहोचले होते, असे त्यांनीच पुढे एका प्रस्तावनेत नमूद केले आहे. त्याच प्रस्तावनेत, आपली कथा हे कोणत्याही युद्धाचे रूपक समजू नये, असेही त्यांनी बजावले आहे.

लोथलॉरिएन वसले आहे ते एका प्रचंड पर्वतरांगेच्या पूर्वेस. पर्वतातून निघणारी सिल्व्हरलोड नदी या वनातून वाहत जाऊन अँडुइन या महानदीला मिळते. या दोन नद्यांच्या मधला जिभेसारखा निमुळता प्रदेश हा राज्याचा गाभा होय. येथे राहणारे लोक एल्फ जातीचे आहेत. टॉल्किनच्या सृष्टीत एल्फ हे उंच, देखणे, गानप्रिय आणि मुख्य म्हणजे जरामरणापासून मुक्त असे लोक आहेत. शस्त्राने वा दुःखाने त्यांना मृत्यू येऊ शकतो, वार्धक्याने येत नाही. या वनातील एल्फांना गालाध्रिम, म्हणजे वृक्षजन, असे म्हणतात.

त्यांचे जीवन ज्या वृक्षाभोवती गुंफलेले आहे त्याचे नाव मॅलॉर्न. त्याची साल गुळगुळीत व रुपेरी असते. शरद ऋतूत त्याची पाने सोन्यासारखी पिवळी होतात, पण गळत नाहीत. सारा हिवाळा ती फांद्यांवरच राहतात आणि वसंतात नवी पालवी फुटली म्हणजे मगच जमिनीवर उतरतात. त्यामुळे ऐन हिवाळ्यात बाहेरचे जग उघडेबोडके असताना हे वन सुवर्णाने झाकलेले असते. या वृक्षांवर गालाध्रिम लोक मचाणे बांधून राहतात. आपल्याकडे शेतराखणीसाठी जसे मचाण घालतात तसाच त्याचा मूळ प्रकार. बुंध्याभोवती फळ्यांचा तळ असतो, मध्ये शिडीपुरते भोक असते आणि वाऱ्याच्या बाजूला एक हलका पडदा लावता येतो. सीमेवरील पहारेकऱ्यांची मचाणे इतकी साधी आहेत. राजधानीतील मचाणे मात्र प्रासादांच्या तोडीची आहेत.

कारास गालाधॉन म्हणजे वृक्षांचे नगर. एका टेकडीवर अत्यंत उंच मॅलॉर्न वृक्षांची दाटी आहे, तिच्याभोवती हिरवी तटबंदी आहे, तटाबाहेर खोल खंदक आहे आणि खंदकाच्या कडेने पांढऱ्या दगडांची फरसबंद वाट जाते. महाद्वार नैर्ऋत्येस आहे आणि तेथवर जाण्यास एक शुभ्र पूल आहे. दार ठोठावून शब्द उच्चारला की ते निःशब्दपणे उघडते, पण द्वारपाल कोठेच दिसत नाही. रस्त्यावर माणूस नाही, मात्र वर पानांमधून बोलण्याचे आणि गाण्याचे स्वर ऐकू येतात आणि हिरवे, सोनेरी, रुपेरी दिवे दिसतात. टेकडीच्या माथ्याजवळ, हिरवळीवर एक कारंजे आहे. त्यालगतच्या सर्वांत मोठ्या वृक्षावर राज्यकर्त्यांचे सभागृह आहे. एका मागून एक मचाणे ओलांडीत शिडीने बराच काळ चढत गेल्यावर मोठ्या जहाजाच्या तळासारखा विस्तीर्ण तळ लागतो. त्यावर उभारलेल्या मंदिरातून वृक्षाचा बुंधा आरपार वर गेलेला आहे. आपल्या घरासाठी वृक्षाला वाकविण्याऐवजी वृक्षाच्या आकाराला धरून घर बांधण्याची ही रीत आहे.

राज्यव्यवस्थेच्या दृष्टीने पाहिले असता येथे पहिले आश्चर्य हे की, या राज्याला राजाच नाही. पूर्वी होता. आमरॉथ हा त्याचा शेवटचा राजा. निम्रोडेल या आपल्या प्रियेच्या शोधात तो समुद्रात नाहीसा झाला. तिच्या नावाचा ओढा आजही वनाच्या सीमेवर वाहतो, असे कथेत म्हटले आहे. राजा गेल्यावर केलेबॉर्न आणि गालाड्रिएल या दांपत्याने राज्याचा भार उचलला. टॉल्किन यांच्या मृत्यूनंतर, १९८० साली, त्यांच्या पुत्राने प्रसिद्ध केलेल्या अपूर्ण कथांच्या संग्रहात असा खुलासा सापडतो की, या दोघांनी राजा वा राणी हा किताब घेतला नाही. आपण केवळ या वनाचे राखणदार आहोत, अशी त्यांची भूमिका होती. प्रजा बहुतांशी रानएल्फांची आणि गालाड्रिएल मात्र समुद्रापलीकडून आलेल्या एका श्रेष्ठ राजकुळातील. परकुळातील व्यक्तीने मालकीचा दावा न करता विश्वस्तासारखे राज्य चालवावे, यातच या राजवटीच्या स्थैर्याचे एक कारण आहे. कथेत करवसुलीचा किंवा बाजारपेठेचा उल्लेख येत नाही. कसब मात्र जागोजाग दिसते. येथील हलका व चिवट दोर, पाहणाऱ्याची नजर चुकविणारी करडी वस्त्रे, नौका, आणि पानांत गुंडाळलेली, एका वडीवर दिवसभराची मजल मारता येईल अशी शिदोरी, या वस्तू प्रवाशांना मिळतात त्या भेट म्हणून.

या राज्याचे सर्वांत कठोर अंग म्हणजे त्याची सीमा. अँडुइनच्या पलीकडे, मिर्कवुड नावाच्या काळवंडलेल्या अरण्यात, डोल गुल्डुर हा शत्रूचा गड आहे. पश्चिमेकडील पर्वताच्या पोटातही दुष्ट टोळ्या आहेत. म्हणून सिल्व्हरलोडवर पूल ठेवलेला नाही. पाहुण्यांना दोर बांधून पलीकडे नेतात आणि लगेच दोर सोडून घेतात. कथेतील आठ प्रवासी येथे येतात तेव्हा त्यांच्यात गिम्ली हा खुजा असतो. खुजे आणि एल्फ यांचे वैर पुरातन. सीमारक्षक हाल्डिर सांगतो की, कायद्याप्रमाणे गिम्लीचे डोळे बांधूनच त्याला आत नेता येईल. गिम्ली अपमानाने पेटून उठतो आणि परत फिरावयास निघतो. तेव्हा प्रवाशांचा नायक आरागॉर्न तोड काढतो की, एकाचेच का, सर्वांचेच डोळे बांधावेत. वनातील सर्वांत सुंदर वाट आठही जण आंधळ्यासारखी चालतात. शत्रूचे खरे सामर्थ्य आपल्याला परस्परांविषयी वाटणाऱ्या अविश्वासात आहे, ही गोष्ट हाल्डिर स्वतःच बोलून दाखवितो, आणि तरीही नियम पाळतो. पुढे राजधानीहून आज्ञा येते आणि सर्वांचे डोळे सुटतात. त्यांत पहिली पट्टी सुटते ती गिम्लीची. सभागृहात गालाड्रिएल त्याच्या पूर्वजांच्या स्थळांची नावे त्याच्याच भाषेत उच्चारते. एवढ्याने त्याचे मन जिंकले जाते. निरोपाच्या वेळी तो तिच्या मस्तकावरील एक केस मागतो आणि ती तीन देते. तटबंदीने जे साधले नव्हते ते एका शब्दाच्या सौजन्याने साधले.

आता या राज्याच्या मर्माकडे वळावयास हवे. लोथलॉरिएनमध्ये काळ वेगळ्या गतीने चालतो, असे प्रवाशांना वाटते. जवळजवळ महिनाभर राहून बाहेर पडल्यावर, आपण थोडेच दिवस येथे होतो, असे सॅम या माळ्याला वाटते आणि आकाशातील चंद्राची कोर पाहून त्याचा हिशेब चुकू लागतो. काळ थांबलेला नाही, झीज थांबलेली आहे. तिचे कारण गालाड्रिएलच्या बोटातील अंगठी. एल्फांच्या तीन अंगठ्यांपैकी ही एक. तिच्यात जिंकण्याचे सामर्थ्य नाही, जतन करण्याचे आहे. एल्फ स्वतः बदलत नाहीत आणि भोवतालचे जग सारखे बदलत राहते, ही त्यांची चिरंतन व्यथा. त्या व्यथेवर उपाय म्हणून जगाचा एक कोपरा त्यांनी जसाच्या तसा राखून ठेवला. पण या तीन अंगठ्यांची शक्ती शत्रूच्या मुख्य मुद्रिकेशी बांधलेली आहे. फ्रोडो त्या मुद्रिकेचा नाश करण्यास निघाला आहे. तो अयशस्वी झाला तर लोथलॉरिएन शत्रूपुढे उघडे पडेल. यशस्वी झाला तर अंगठ्यांचे तेज मावळून लोथलॉरिएन कोमेजेल. कोणताही निकाल लागला तरी हे राज्य टिकणार नाही.

हा पेच गालाड्रिएलला पूर्णपणे ठाऊक आहे. फ्रोडो भोळेपणाने ती मुख्य मुद्रिका तिलाच देऊ करतो. ती घेतली तर राज्य वाचेल, पण राखणदार जुलमी सम्राज्ञी होईल. ती नकार देते. आपण क्षीण होऊ आणि पश्चिमेस निघून जाऊ, हे ती मान्य करते. जे टिकविण्यासाठी युगे वेचली ते एका व्यापक हितासाठी डोळसपणे सोडावयाचे, हा निर्णय या कथेतील कोणत्याही लढाईपेक्षा मोठा आहे. टॉल्किन यांना एल्फांविषयी अपार ममता होती. तथापि त्यांच्या जतनाच्या हव्यासातील दोषही त्यांनी आपल्या पत्रांत स्पष्टपणे दाखविला आहे. इतिहासाचा प्रवाह थोपवून धरण्याची इच्छा, मग ती सौंदर्यासाठी का असेना, निर्दोष नसते, असा त्यांचा अभिप्राय होता. या वनाचे नावही हेच सुचविते. एक वृद्ध वृक्षपाल कथेत सांगतो की, पूर्वी त्याचे नाव लांबलचक होते आणि त्याचा अर्थ ‘गाणाऱ्या सुवर्णाच्या दरीचा देश’ असा होता. आता ते आखडून ‘स्वप्नपुष्प’ एवढेच उरले आहे.

पुढील इतिहास थोडक्यात असा. डोल गुल्डुरच्या सेना तीन वेळा लोथलॉरिएनवर चाल करून येतात आणि तिन्ही वेळा परतविल्या जातात. मुद्रिकेच्या नाशानंतर केलेबॉर्न नदी ओलांडून तो गड घेतो आणि गालाड्रिएल त्याचे तट पाडते. विजय पूर्ण होतो आणि त्याबरोबरच ऱ्हासही सुरू होतो. गालाड्रिएल समुद्रापार जाते. काही काळाने केलेबॉर्नही वन सोडतो. अनेक वर्षांनी आरागॉर्नची विधवा राणी आर्वेन एकटीच तेथे येते, तेव्हा मॅलॉर्नची पाने गळत असतात. वसंत मात्र अजून आलेला नसतो. त्या निर्जन वनातील हिरव्या टेकडीवर ती देह ठेवते.

तथापि या राज्याची एक खूण अन्यत्र जगली. निरोप देताना गालाड्रिएलने सॅमला एक लाकडी पेटी दिली होती. तीत तिच्या बागेतील माती आणि एक बी होते. सॅम आपल्या गावी परततो तेव्हा तेथील झाडे सूडबुद्धीने तोडलेली असतात. ज्याखाली सारा गाव मेजवानीला जमला होता तो वृक्षही पडलेला असतो. त्या जागी तो हे बी पेरतो आणि ती माती गावभर, जेथे जेथे झाड तुटले होते तेथे, चिमूटचिमूट वाटून टाकतो. पुढच्या वसंतात तेथे रुपेरी सालीचे रोप उभे राहते. गालाड्रिएलच्या राज्यात मॅलॉर्नभोवती तट, खंदक आणि डोळ्यांवर पट्टी होती. या खेड्यात तो उघड्या मैदानावर वाढला, आणि त्याला पाहावयास दूरदूरचे लोक येऊ लागले.