मोजक्या पाहुण्यांचे धोरण : भूतानचा धडा

पर्यटनामुळे परकीय चलन येते आणि रोजगार वाढतो, हे सर्वच देश जाणतात. परंतु आपल्या भूमीला आणि समाजाला किती पाहुणे पेलवतील, हा प्रश्न दारे उघडण्यापूर्वीच स्वतःला विचारणारे देश फार थोडे असून त्यांत भूतानचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने १९७४ साली हा हिमालयीन देश परदेशी पर्यटकांना रीतसर खुला झाला, तेव्हा त्या वर्षभरात तेथे अवघे २८७ पर्यटक गेले. पुढे संख्या वाढत गेली, तरी ‘मूल्य अधिक, संख्या कमी’ हे सूत्र राज्यकर्त्यांनी सोडले नाही.

शाश्वत पर्यटन म्हणजे आजच्या प्रवाशाची हौस पुरवताना उद्याच्या पिढीचे पाणी, जंगल आणि श्रद्धास्थाने खर्ची न घालणारे पर्यटन. भूतानने त्यासाठी किमतीचे साधन वापरले. परदेशी पर्यटकाने मान्यताप्राप्त सहल संस्थेमार्फतच यावे आणि दर दिवसाला ठरावीक किमान रक्कम भरावी, असा नियम होता. हंगामात ही रक्कम माणशी २५० डॉलर असे आणि तिच्यात निवास, भोजन, वाहन व मार्गदर्शक यांचा खर्च येऊन त्यातूनच ६५ डॉलर सरकारकडे जमा होत. ‘शाश्वत विकास शुल्क’ या नावाने ओळखली जाणारी ही रक्कम जनतेचे मोफत शिक्षण आणि आरोग्यसेवा यांसारख्या कामांसाठी उपयोगात येते, त्यामुळे जो भूतानी नागरिक पर्यटन व्यवसायात नाही त्यालाही पर्यटकाच्या येण्याचा लाभ पोचतो. या धोरणातील सर्वांत न्याय्य भाग हाच म्हणावा लागेल.

मात्र केवळ शुल्कावर हे धोरण उभे नाही. देशाचा किमान साठ टक्के भूभाग कायम वनाच्छादित राहील, असे २००८ च्या राज्यघटनेतच नमूद आहे आणि पर्वतशिखरे पवित्र मानली जात असल्याने २००३ पासून गिर्यारोहणावर पूर्ण बंदी आहे. सुमारे ७,५७० मीटर उंचीचे गांखर पुएन्सुम हे शिखर त्यामुळेच आजही अजिंक्य आहे. गिर्यारोहणातून मिळू शकणाऱ्या मोठ्या उत्पन्नावर भूतानने आपणहून पाणी सोडले, ही गोष्ट हिमालयातल्याच नेपाळकडे पाहिले की विशेष जाणवते. फोबजिखा खोऱ्याचे उदाहरणही बोलके आहे. हिवाळ्यात तिबेटच्या पठारावरून काळ्या मानेचे क्रौंच पक्षी या पाणथळ खोऱ्यात उतरतात, बटाट्याची शेती करणारे तेथील शेतकरी त्यांना शुभ मानतात आणि हे पक्षी पाहण्यासाठी पर्यटक येतात. खोऱ्यात वीज न्यायची वेळ आली तेव्हा खांबांवरच्या तारांना धडकून पक्षी मरतील, म्हणून अधिक खर्च सोसून तारा जमिनीखालून नेण्यात आल्या. गावाला वीज मिळाली आणि पक्ष्यांचे आकाशही मोकळे राहिले.

तरीही या धोरणाला एक मोठे खिंडार होते. भारत, बांगलादेश आणि मालदीव या देशांच्या नागरिकांना शुल्क माफ होते. रस्त्याने फुन्शोलिंग या सीमेवरच्या शहरामार्गे येणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि २०१९ मध्ये तीन लाखांहून अधिक पर्यटकांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त या शेजारी देशांतले, त्यातही प्रामुख्याने भारतीय होते. त्याच वर्षी दोचुला खिंडीतील स्तूपावर चढून छायाचित्र काढून घेणाऱ्या एका भारतीय दुचाकीस्वारामुळे तेथे तीव्र संताप उसळला. त्यानंतर २०२० च्या कायद्याने शेजारी देशांच्या पर्यटकांनाही दररोज माणशी १,२०० न्गुल्त्रम, म्हणजे तितकेच भारतीय रुपये, शुल्क लागू झाले. सिक्कीम-दार्जिलिंगला जोडून भूतान करणाऱ्या मराठी प्रवाशांना ते जाचक वाटले, तरी यजमान देशाचा हा हक्क नाकारता येत नाही.

किमतीच्या साधनालाही मर्यादा असतात, हे पुढे दिसले. महासाथीनंतर सप्टेंबर २०२२ मध्ये सीमा उघडताना निवास-भोजनाचा खर्च वगळून निव्वळ शुल्कच २०० डॉलर करण्यात आले. पर्यटक घटले, हॉटेलमालक आणि मार्गदर्शक अडचणीत आले आणि वर्षभरातच ते १०० डॉलरवर आणावे लागले. शिवाय देशपातळीवरील एकच दर पर्यटकांना पारो आणि थिम्पूकडून पूर्वेकडील दुर्गम जिल्ह्यांकडे वळवू शकत नाही. त्यासाठी प्रत्येक स्थळाची वहनक्षमता, म्हणजे तेथील पाणी, वाटा, कचऱ्याची व्यवस्था आणि लोकजीवन न बिघडवता किती माणसे सामावतील याची मर्यादा, स्वतंत्रपणे ठरवावी लागते.

महाराष्ट्रात कास पठारावर फुलांच्या हंगामात दररोजच्या पर्यटकसंख्येला मर्यादा घालण्याचा उपाय याच दिशेचा आहे. महाबळेश्वर, गडकिल्ले आणि कोकणचे किनारे यांच्यासाठी धोरण आखणाऱ्यांनी भूतानचा शुल्काचा आकडा उचलण्याऐवजी आधी प्रत्येक ठिकाणाची अशी मर्यादा जाहीर करावी आणि पर्यटकांकडून घेतलेल्या पैशाचा हिशेब दरवर्षी तेथील ग्रामसभेपुढे मांडावा.