आधी हिशेब, मग मुळाक्षरे

प्रौढांच्या वर्गात पहिल्या दिवशी मी मुळाक्षरांचा तक्ता लावत नाही. 'अ अननसाचा' म्हणायला लावलं की पन्नाशीची बाई तोंडाला पदर लावून हसते आणि दुसऱ्या दिवशी फिरकत नाही. मी तिच्या पिशवीतलं पासबुक मागते. बचत गटाकडून पाच हजार उचललेत, व्याज शेकडा दोन. म्हणजे महिन्याला शंभर. हजार फेडले की ऐंशी. हे तिला तोंडपाठ असतं, फक्त जमा, नावे, शिल्लक यांतल्या कुठल्या रकान्यात काय बसतं ते ठाऊक नसतं.

एकदा भाजी विकणाऱ्या बाईला विचारलं, पंधरा रुपये पाव, तर दीड किलोचे किती? मी फळ्यावर साठ गुणिले दीड मांडेपर्यंत "सहा पाव, नव्वद" म्हणून ती मोकळी. मग माझी मांडणी पुसून तिची लिहिली: पंधरा, सहा वेळा. त्या दिवशीचा धडा तोच.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. राबणाऱ्या माणसाची सवड पाहून शाळा भरवायची, ही समज तेव्हापासूनची. तरी दुपारी तीनला वर्ग ठेवून 'प्रतिसाद नाही' असा शेरा मारणारे अजून भेटतात. १९५९ साली साताऱ्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. गावंच्या गावं शिकायला बसली, ग्रामगौरव समारंभ झाले. पुढे १९७८ चा राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम, १९८८ चं राष्ट्रीय साक्षरता अभियान. मोहिमांचं दुखणं एकच: समारंभ आटोपतो, हाती वाचायला काही उरत नाही आणि गिरवलेलं हळूहळू पुसलं जातं. इतक्या मोहिमांनंतरही २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातली स्त्री-साक्षरता होती ७५.८७ टक्के.

ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेइरी यांनी १९६३ साली आंगिकोस गावी सुमारे तीनशे मजुरांना चाळीस तासांत लिहा-वाचायला शिकवलं, हे सगळे सांगतात. मला त्या चाळीस तासांचं अप्रूप नाही. त्याआधी लोकांच्या बोलण्यातले शब्द गोळा केले गेले, ते महत्त्वाचं.

आपल्याकडचं म्हसवडचं उदाहरण मला त्याहून जवळचं. माणदेशी महिला बँकेचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर. त्या अक्षरं शिकल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या. आम्हाला व्याज काढायला सांगा, म्हणाल्या, आणि तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढू द्या! १९९७ मध्ये बँक उभी राहिली. मुरबाड तालुक्यातल्या फांगण्याच्या आजीबाईंच्या शाळेचे, २०१६ पासूनचे, गुलाबी लुगड्यातले फोटो भरपूर निघाले. नातवंडांदेखत पाटी घेऊन बसायची लाज अख्ख्या गावाने मिळून घालवली, ते मात्र फोटोत येत नाही.

आता 'उल्लास' या प्रौढ साक्षरतेच्या सरकारी योजनेत दीडशे गुणांची चाचणी असते: वाचन, लेखन, संख्याज्ञान. परीक्षेला माझी हरकत नाही. प्रमाणपत्र सुनेला दाखवायची हौस सासूला असतेच. अडचण वेगळी आहे. पुस्तकात अंक देवनागरी आणि मोबाइलवर, वीजबिलावर, पासबुकात इंग्रजी. त्यावरून कार्यकर्त्यांत वाद होतात. मी इंग्रजी आधी शिकवते. पैसे पाठवताना पाचशेला पाच हजार होऊ नयेत म्हणून पिन टाकण्याआधी शून्यं मोजायची सवय लावते. देवनागरी अंक त्यानंतर, एसटीच्या पाटीवरून.