बाटली आडवी झाल्यानंतर

क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या आणि 2024 मध्ये अहिल्यानगर हे नाव मिळालेल्या नगर जिल्ह्याची ओळख राज्याला साखर कारखाने, शिर्डी आणि आदर्श गावे यांमुळे आहे. परंतु गावाने एकत्र येऊन दारू हद्दपार करण्याचे जितके प्रयोग या जिल्ह्यात झाले आणि त्यांची जितकी चर्चा झाली, तितकी क्वचितच अन्य जिल्ह्याच्या वाट्याला आली असेल. या प्रयोगांचे वर्णन आजवर ग्रामसुधारणा किंवा कायदा व सुव्यवस्था या अंगाने पुष्कळ झाले आहे. व्यसनाधीनता, म्हणजे नुकसान दिसत असूनही पिणे आवरता न येण्याची अवस्था, हा वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने आजार आहे, आणि त्या आजाराच्या व मनाच्या आरोग्याच्या दृष्टीने या प्रयोगांकडे पाहिले की त्यांतील बलस्थाने आणि उणिवा दोन्ही वेगळ्या दिसू लागतात.

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे अण्णा हजारे 1975 मध्ये लष्करातून निवृत्त होऊन परतले, तेव्हा या दुष्काळी गावात हातभट्टीच्या तीस-चाळीस भट्ट्या असल्याचे सांगितले जाते. यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार, तरुण मंडळ आणि मंदिरात झालेला दारूबंदीचा निर्णय या क्रमाने भट्ट्या बंद झाल्या. पुढे दुकानांतून विडी, सिगारेट आणि तंबाखूही गेली. मंदिरात घेतलेला निर्णय मोडणे म्हणजे देवाशी बेइमानी, ही भावना पोलिसांच्या छाप्यापेक्षा प्रभावी ठरली. मात्र त्याच काळात समजावूनही न ऐकणाऱ्या दारुड्यांना खांबाला बांधून लष्करी पट्ट्याने मारले जात असे, ही गोष्टही जगजाहीर आहे, आणि गावाचे कौतुक करताना अनेक लेखक ती ओझरती सांगून पुढे सरकतात. आजाराला शिक्षा देण्याची ही पद्धत परिणामकारक वाटली तरी तिचे समर्थन होऊ शकत नाही. कारण मार खाल्लेला माणूस पिणे सोडतो की फक्त लपवू लागतो, याचे उत्तर खांबापाशी मिळत नाही.

नगर तालुक्यातील हिवरे बाजारने 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही सूत्रे स्वीकारली. येथील अधिक शिकण्याजोगा भाग बंदीच्या शेजारी उभ्या राहिलेल्या पर्यायात आहे. गावठी दारू गाळणाऱ्या कुटुंबांना बँकेचे कर्ज मिळवून देण्याचा प्रयत्न झाला, आणि पाणलोटाच्या कामांमुळे विहिरींना पाणी टिकून शेतीत आणि दुधाच्या धंद्यात हाताला काम आले. काळा गूळ आणि नवसागर घालून हातभट्टी लावणाऱ्याचे पोट त्या भट्टीवर असते; ते कसे भरणार, याचा विचार न केलेली बंदी फार काळ टिकत नाही.

दोन्ही गावांच्या कथांत एक वैद्यकीय प्रश्न मात्र फारसा येत नाही. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली, तर काही तासांतच हात थरथरणे, घाम आणि निद्रानाश सुरू होतो, काहींना पहिल्या दोन दिवसांत आकडी येते, आणि त्यानंतर भास व भ्रम होणारी, उपचार न मिळाल्यास जिवावर बेतणारी ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ ही अवस्था उद्भवू शकते. योग्य औषधे, बी-1 जीवनसत्त्व आणि काही दिवसांची देखरेख यांनी हा धोका टाळता येतो. म्हणून ज्या दिवशी गावातील दुकान बंद होते, त्या दिवशी जवळच्या आरोग्य केंद्राने सज्ज असायला हवे.

गावातील दारूचे दुकान बंद करण्याचा अधिकार कायद्याने पुढे स्त्रियांच्या हाती दिला. मतदानात उभी (दुकान चालू) आणि आडवी (दुकान बंद) बाटली या चिन्हांतून निवड करण्याची पद्धत आली आणि ‘बाटली आडवी करणे’ हा वाक्प्रचारच रूढ झाला. कुकडी नदीतील रांजणखळग्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या पारनेर तालुक्यातील निघोज येथे 2016 मध्ये महिलांनी अशीच बाटली आडवी केली. त्यानंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी 2017 मध्ये, जिल्हा परिषद निवडणुकीच्या धामधुमीत पांगरमल येथे जेवणावळीतील बनावट दारूने अनेकांचे बळी घेतले, आणि त्या दारूचा माग चक्क जिल्हा रुग्णालयाच्या आवारातील उपाहारगृहापर्यंत पोहोचला. अवैध दारूवर नजर ठेवणाऱ्या ग्रामरक्षक दलांची तरतूद राज्याने हजारे यांच्या आग्रहावरून याच सुमारास केली होती. परंतु नजर ठेवणे आणि आधार देणे ही दोन वेगळी कामे आहेत.

या दुसऱ्या कामाचा जिल्ह्यातील सर्वांत बोलका दाखला दारूबंदीच्या चळवळीबाहेर, जामखेडला सापडतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये येथे सुरू केलेल्या सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पात गावानेच निवडलेली बाई आरोग्य कार्यकर्ती होते; यांपैकी अनेक जणी दलित आणि निरक्षर होत्या, आणि त्या जामखेडला नियमित येऊन बाळंतपण, जुलाब, क्षय, कुष्ठरोग यांविषयी शिकत आणि परतल्यावर महिला मंडळात ते सांगत. या कामासाठी आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्रकल्पाच्या मूळ आराखड्यात मानसोपचार हा ठळक विषय नव्हता. तरीही मेलबर्नमधील संशोधकांनी जामखेडच्या सहकार्याने केलेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या परिसरातील स्त्रियांना मनाच्या आरोग्याविषयी विचारले, तेव्हा त्यांची उत्तरे नवऱ्याचे पिणे, मारहाण, पैशाची ओढाताण आणि सासरचा जाच यांच्याभोवती फिरत राहिली. डोक्याला टेन्शन नसणे म्हणजेच बरे असणे, असा त्यांचा रोख होता. मंडळात बसू लागल्यावर, बचतीचे चार पैसे हाती आल्यावर आणि घराबाहेर बोलायला माणूस मिळाल्यावर हे ओझे हलके होते, असा या अभ्यासाचा सूर आहे. प्रतिबंध, म्हणजे आजार होण्यापूर्वीच त्याची कारणे कमी करणे, हा शब्द सार्वजनिक आरोग्यात सर्रास वापरला जातो. जामखेडच्या मंडळांनी तो मानसिक आरोग्याला लागू करून दाखवला, तोही त्याचा उच्चार न करता.

गावातल्याच माणसाला थोडे प्रशिक्षण देऊन समुपदेशनाचे काम सोपवण्याची पद्धत नंतर गोव्यात ‘संगत’ने, अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ने आणि नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ने अवलंबली. पुण्यात अनिल व सुनंदा अवचट यांनी 1986 मध्ये उभारलेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनी माणसाच्या पत्नीसाठी ‘सहचरी’ गट चालवून हेच ओळखले होते की पिणारा एक असला तरी आजारी पूर्ण घर पडते. नगरमध्ये आज जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, ‘टेली-मानस’ या दूरध्वनीवरील मानसिक आरोग्यसेवेचा 14416 हा विनामूल्य क्रमांक आहे, आणि रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना घर देणारी डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांची ‘माउली’ संस्था आहे. मात्र दारूबंदीसाठी सह्या गोळा करणारी महिला आणि मानसोपचार विभागातील समुपदेशक यांची गाठ पडावी अशी पक्की व्यवस्था क्वचितच दिसते. आशा कार्यकर्तीच्या गृहभेटीत बाळाच्या वजनाबरोबर घरातल्या पिण्याची आणि बाईच्या झोपेची चौकशी झाली, आणि आडव्या बाटलीच्या मतदानाआधीच प्राथमिक आरोग्य केंद्रात रोज पिणाऱ्यांसाठी औषधे व दोन खाटा राखून ठेवल्या गेल्या, तर ही गाठ पडेल, आणि त्यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही.