नाव नको, नंबर सांगा



मागच्या मार्चमधली गोष्ट. मिरचीचा हंगाम ऐन भरात होता आणि आमच्या गटाच्या कांडप मशीनचा पट्टा तुटला. एका ताईंनी मोबाइलवर फोटो बघून नवा मागवला. चार दिवसांनी आला. रंग तोच, लांबी तीच, पण पुलीच्या खाचेत बसेना, नुसता घसरायचा. आम्हाला हवा होता बी-५२, आम्ही मागवला ए-५२. बी म्हणजे १७ मिलिमीटर रुंद, ए म्हणजे १३. जुन्या पट्ट्यावर नंबर छापलेला होता, पण तो कुणी वाचलाच नव्हता. पुन्हा मागवेपर्यंत गावातल्या बायका मिरच्या घेऊन शेजारच्या गावी गेल्या. तो धंदा गेला तो गेलाच.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न होता. वस्तू हातात न घेता, न पाहता, यंत्राचा नेमका सुटा भाग मागवायचा कसा? शोधताना कळलं, की हा प्रश्न अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या घरात शंभर वर्षांपूर्वीच आला होता. तिथे मोटारीचे भाग पोस्टाने यायचे, तेही मोठ्या दुकानांच्या जाडजूड कॅटलॉगमधून. आज त्याबद्दल बोलू या.

सुरुवात झाली शिकागो शहरात. १८७२ मध्ये माँटगोमेरी वॉर्ड नावाच्या व्यापाऱ्याने एका कागदावर १६३ वस्तूंची किंमतयादी छापली आणि खेड्यापाड्यांत पाठवली. तोवर गावात एकच दुकान असायचं आणि दुकानदार सांगेल तो भाव. वॉर्डच्या यादीत भाव छापलेला होता, म्हणजे सगळ्यांना सारखा. पण शेतकरी विचारायचा, न पाहता पैसे पाठवू कसे? त्यावर वॉर्डने १८७५ मध्ये वचन दिलं, की माल पसंत पडला नाही तर पैसे परत. या एका वाक्यावर तो धंदा उभा राहिला. पुढे सिअर्स, रोबक ही कंपनीही याच वाटेने मोठी झाली. आपल्याकडे पूर्वी व्ही.पी.ने पुस्तकं यायची, तसं तिथे घड्याळापासून शिलाई मशीनपर्यंत सगळं पोस्टाने येऊ लागलं.

पोस्टानेही हात दिला. १८९६ पासून खेड्यात घरपोच टपाल सुरू झालं आणि १ जानेवारी १९१३ पासून सरकारी पार्सल सेवा. सुरुवातीला ११ पौंड, म्हणजे साधारण ५ किलोपर्यंतचं पार्सल दाराशी यायचं.

याच काळात मोटार आली. १९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी गाडी निघाली. तेव्हा किंमत ८५० डॉलर होती, पुढे ती ३०० डॉलरच्याही खाली उतरली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या बनल्या आणि त्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या अंगणात उभ्या राहिल्या. सिअर्सने तर १९०८ ते १९१२ या काळात आख्खी मोटारच कॅटलॉगमधून विकली. पण खरा धंदा होता तो टायर, ट्यूब, दिवे, प्लग आणि पट्ट्यांचा. रस्ते खराब, पंक्चर रोजचंच, आणि शहर दूर.

मॉडेल टीचा प्रत्येक भाग एकाच मापाने बनायचा. एका गाडीचा भाग दुसरीला बसायचा, म्हणून तो पोस्टाने मागवणं शक्य झालं. पण मापं नीट सांगायला हवीत. बरीच वर्षं या गाडीचा पुढचा टायर ३० बाय ३ इंचाचा आणि मागचा ३० बाय साडेतीन इंचाचा होता. गाडी एकच, टायर दोन मापांचे! नुसतं ‘फोर्डचा टायर पाठवा’ असं लिहिलं, तर कोणता पाठवणार? त्यामुळे गाडी कोणाची, कोणत्या वर्षाची, कोणतं मॉडेल आणि कॅटलॉगमधला नंबर काय, हे सगळं कागदावर लिहायची लोकांना सवय लागली. नावावरून माल येत नाही, नंबरावरून येतो, हे त्यांना कळलं.

याच व्यवहाराला आणखी एक बाजू आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेच्या दक्षिण भागात तेव्हा काळ्या लोकांना दुकानात अपमान सोसावा लागायचा. गोऱ्या गिऱ्हाइकांचं झाल्यावर त्यांची पाळी, उधारीत अडकवणं, हलका माल माथी मारणं. कॅटलॉगला रंग कळत नव्हता. जो भाव छापला तोच, जो नंबर मागितला तोच माल. सिअर्सने तर सांगून ठेवलं होतं, की अक्षर कसंही असो, भाषा कोणतीही असो, आम्हाला लिहा. गावातल्या काही दुकानदारांना हे इतकं झोंबलं, की त्यांनी लोकांकडून कॅटलॉग गोळा करून जाळले. मैत्रिणींनो, हार्डवेअरच्या दुकानात ‘तुमच्या मालकांना पाठवा’ हे आपण ऐकलेलंच आहे. हातात नंबर लिहिलेला कागद असला, की तो दुकानदारही गप्प बसतो.

पुढे सिअर्सच्या मोटारीच्या भागांवर ‘ऑलस्टेट’ हे नाव आलं, वॉर्डच्या टायरवर ‘रिव्हरसाइड’. दुरुस्त केलेली आख्खी इंजिनंसुद्धा कॅटलॉगमधून मिळायची. जुनं परत द्यायचं, नवं घ्यायचं, आपण जुनी बॅटरी देऊन नवी घेतो तसं. वॉर्डचा कॅटलॉग १९८५ मध्ये बंद झाला, सिअर्सचा मोठा कॅटलॉग १९९३ मध्ये.

आता त्यातून काही मागवता येत नाही, तरी जुन्या गाड्या जपणारे लोक ते कॅटलॉग सांभाळून ठेवतात. कारण कोणत्या वर्षाच्या गाडीला कोणता भाग बसायचा, तो दिसायचा कसा, नंबर काय, हे त्यात छापलेलं आहे. तो नंबर वहीत घेऊन ते जुन्या मालाच्या बाजारात फिरतात. पेन्सिल्व्हेनियातल्या हर्शी गावी दर ऑक्टोबरमध्ये असा मोठा बाजार भरतो. कधी ५०-६० वर्षांपूर्वीचा, खोकं न उघडलेला भागही मिळतो.

पण खोकं बंद आहे म्हणून आतला माल चांगलाच, असं नसतं. रबर न वापरता ठेवलं तरी कडक होतं, चिरा पडतात. म्हणून जुना टायर किंवा ब्रेकचा रबरी पाइप शोभेला ठेवावा, गाडीला लावू नये. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असायचं, त्याची धूळ फुप्फुसाला घातक. विजेच्या भागांचा व्होल्टही बघावा लागतो. अमेरिकेतल्या बहुतेक गाड्या १९५५च्या सुमारास ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर गेल्या. सहाचा दिवा बाराला लावला तर लगेच उडतो.

यातून आमच्या गटाने चार गोष्टी घेतल्या. पहिली, प्रत्येक मशीनची एक वही. पट्ट्याचा नंबर, बेअरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर, मोटर किती हॉर्सपॉवरची, जाळीचं माप, सगळं त्यात लिहिलं. दुसरी, जुना भाग नवा बसेपर्यंत टाकायचा नाही. तिसरी, पैसे भरण्याआधी माल परत घेण्याची अट वाचायची. किती दिवसांत, आणि परत पाठवण्याचा खर्च कोणाचा? चौथी, हंगाम सुरू होण्याआधी एक पट्टा जास्तीचा आणून ठेवायचा.

आणि हे विकतानाही लागू आहे. आपला मसाला दूरची बाई न पाहताच मागवते. पाकिटावर वजन, तारीख, कोणती मिरची, हे खरं लिहिलेलं असावं आणि खराब निघाला तर बदलून देण्याचं वचन असावं. दिलेलं वचन पाळलं, तर ती पुन्हा मागवेल.

कार्यक्रम संपला, की वही-पेन घेऊन मशीनजवळ जा. पट्टा धुळीने माखलेला असेल. मशीन बंद करा, मेन स्विच काढा, फडक्याने पट्टा पुसा आणि नंबर लिहून घ्या. नमस्कार.