माशांच्या टाकीखालचा चौथा पाय



नाताळात आमच्या घरी आलेल्या बऱ्याच मंडळींनी बैठकीतल्या माशांच्या टाकीपेक्षा तिच्याखालच्या लाकडी स्टँडचीच जास्त चौकशी केली. कुणी केला, लाकूड कोणते, वजन पेलते का, एक ना अनेक प्रश्न. दोघांनी तर वाकून खाली हात घालून पाहिले. पुढे संपादकांचा निरोप आला, की तोंडी सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहूनच द्या. म्हणून हा लेख. मी सुतार नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चौतीस वर्षे लेथवर काम करून निवृत्त झालो. ओतीव कामाला मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजण्यात आयुष्य गेले, आणि स्वतःच्या घरात पाऊण मण काच ठेवताना साधी लेव्हल पाहिली नाही. ती चूक आधी सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यातूनच शिकलो आहे.

नातवाच्या हट्टापायी तीन फुटी टाकी आणली होती. तिच्यासाठी अँगलचा लोखंडी स्टँड तयार मिळाला. घेण्यापूर्वी मी त्यावर स्वतः चढून उभा राहिलो. जराही हलला नाही. घरी आणल्यावर मात्र चारांपैकी एक पाय फरशीपासून थोडा वर राहत होता. मी पुठ्ठ्याची घडी करून त्याखाली सारली आणि टाकी भरली. सात महिने सगळे ठीक चालले. जूनमधल्या एका रात्री दोनच्या सुमारास बंदूक उडावी तसा आवाज झाला. तळाची काच एका कोपऱ्यापासून तिरपी तडकली होती आणि पाणी नुसते धावत होते. मी अंधारात तसाच पुढे निघालो, तेवढ्यात मागून बायको ओरडली, "अहो, पाण्यात पाय टाकू नका, आधी मेन बंद करा!" पंपाचा जोडबोर्ड जमिनीवरच होता आणि पाणी त्याच्यापर्यंत पोहोचले होते. अकरा माशांपैकी तीन बादलीत वाचले. नातू रोज त्याच टाकीसमोर गादी घालून झोपत असे. त्या रात्री अंगात ताप होता म्हणून आजीने आपल्याजवळ घेतला होता.

दुसऱ्या दिवशी ओळखीचे एक सुतारमिस्त्री आले. त्यांनी तो स्टँड उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "स्टँड मजबूतच आहे की. पण त्याला पीळ आहे. काचेला वाकता येत नाही, आणि तुम्ही तिला सात महिने वाकायला लावलंत." वेल्डिंग करताना एका बाजूला उष्णता जास्त लागली, की चौकट पिळवटते. चार कोपऱ्यांपैकी तीन एका पातळीत राहतात आणि चौथा खाली किंवा वर जातो. माझा चौथा कोपरा तीन मिलिमीटर खाली होता. पुठ्ठ्याने पाय टेकला, पण वरचा पीळ तसाच राहिला, आणि पुठ्ठा ओल धरून हळूहळू दबत गेला. टाकी नुसत्या वजनाने सहसा फुटत नाही, ती पिळाने फुटते. स्टँडवर उभे राहून त्याची ताकद कळते. पीळ कळत नाही.

तरी वजनाचा हिशेब करायलाच हवा. आमची टाकी 36 इंच लांब, 18 इंच रुंद, 18 इंच उंच. काठोकाठ भरली तर 190 लिटर. दोन इंच रिकामे सोडून आणि तळच्या वाळूखड्यांची जागा वजा करून साधारण 165 लिटर पाणी राहते. लिटरला एक किलो धरा. आठ मिलिमीटर काचेचे वजन सुमारे 33 किलो, वाळू आणि दगडगोटे 25 किलो. एकूण सव्वादोनशे किलोच्या आसपास. आपल्या कोल्हापूरच्या भाषेत सांगायचे, तर तीस किलोचे साडेसात गुळाचे रवे एका टेबलावर, आणि तेही रात्रंदिवस, वर्षानुवर्षे. टीव्हीच्या टेबलावर किंवा शिवणयंत्राच्या जुन्या स्टँडवर टाकी ठेवण्याचा विचार कुणाच्या मनात असेल, तर त्याने हा आकडा आधी मनात म्हणावा.

घराच्या स्लॅबची काळजीही काही जण करतात. राहत्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो जादा भार धरून आखावी, असे आपल्या भारतीय मानकात (आयएस 875) आहे. टाकीखाली हा भार त्याच्या अडीचपटीहून जास्त होतो, पण तो खोलीच्या छोट्याशा तुकड्यावर असतो. म्हणून अशी टाकी खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीला लागून, शक्यतो खाली तुळई असेल तिथे ठेवावी. गॅलरीत नको. जुन्या वाड्याच्या लाकडी माडीवर तर मुळीच नको. याहून मोठी टाकी घ्यायची असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय आणू नये.

आता लाकूड. या बाबतीत 2019 च्या महापुराने आम्हा कोल्हापूरकरांना जे दाखवले, ते कुठल्याही पुस्तकात नाही. पाणी ओसरल्यावर घराघरांतून सामान रस्त्यावर आले, ते आठवा. भुशाच्या बोर्डाची कपाटे चहात बुडवलेल्या पावासारखी फुगली होती. सागवानी पलंग धुऊन, सावलीत वाळवून पुन्हा घरात गेले. माशांच्या टाकीखाली पूर येत नाही, पण पाणी बदलताना थोडे थोडे रोज सांडते, आणि भुशाच्या बोर्डाला तेवढे पुरते. मी पाडलेल्या वाड्याचे जुने सागवान आणले. ते कित्येक वर्षे मुरलेले असल्याने आता वाकत, पिळत नाही. फक्त आतले मोडके खिळे शोधून काढावे लागतात, नाहीतर रंध्याचे पाते जाते. माझे एक गेले.

दीड बाय तीन इंचाच्या पट्ट्या रंधून घेतल्या. छत्तीस इंचाचे चार तुकडे, पंधरा इंचाचे सहा आणि चोवीस इंचाचे चार. बेरीज साडेसत्तावीस फूट होते. कापण्यातली घट धरून तीस फूट आणावे, म्हणजे जेमतेम एक घनफूट लाकूड. वरची आणि खालची अशा दोन सारख्या चौकटी करायच्या. दोन लांब पट्ट्यांच्या मध्ये पंधरा इंचाचे तीन तुकडे बसवायचे, दोन टोकांना आणि एक मधोमध. पट्ट्या उभ्या धारेवर ठेवायच्या, आडव्या नाहीत. का, ते मुलांच्या लाकडी फूटपट्टीवर पाहा. आडवी धरून दाबली तर सहज वाकते, धारेवर उभी धरून दाबली तर बोट दुखते. आमची दीड बाय तीनची पट्टी आडवी ठेवली असती तर तेवढ्याच वजनाला चौपट वाकली असती.

दोन चौकटींच्या मध्ये चार कोपऱ्यांत चोवीस इंचाचे खांब. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे आहे, म्हणून जरा थांबतो. पुष्कळ जण खांब चौकटीच्या बाजूला लावतात आणि स्क्रूने आवळतात. दिसायला ते घट्ट दिसते, पण तेव्हा टाकीचे सगळे वजन त्या चार-आठ स्क्रूंवर टांगलेले असते. खांब चौकटीच्या खाली हवा. वजन काचेतून फळीवर, फळीतून चौकटीवर, चौकटीतून खांबावर आणि खांबातून सरळ जमिनीवर उतरायला हवे. वाटेत कुठेही स्क्रूचा आधार घ्यावा लागू नये. स्क्रू आणि फेव्हिकॉल फक्त जागा न सुटण्यासाठी. मिस्त्रींची कसोटी सोपी होती: "सगळे स्क्रू काढून घेतले तरी वजन खाली उतरायला पाहिजे."

खांबाची तीन इंची बाजू टाकीच्या रुंदीच्या दिशेने ठेवावी. तसे केले, की त्याचा अर्धा भाग लांब पट्टीच्या टोकाखाली आणि अर्धा आडव्या तुकड्याच्या टोकाखाली येतो, दोघांनाही एकच खांब पेलतो. प्रत्येक खांबावर छप्पन्न-सत्तावन्न किलो येतात, म्हणजे चौरस सेंटिमीटरला दोन किलोच्याही आत. सागवानाला हे काहीच नाही. खरे तर याहून बारीक खांबही चालले असते, पण आमच्या घरात पोरेबाळे धावतात.

चौकट काटकोनात आहे की नाही हे गुण्याने पाहावेच, पण त्यावर विसंबू नये. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरपी मापे घ्यावीत. आमच्या मापाला दोन्ही सव्वाचाळीस इंच आली पाहिजेत. माझे पहिल्यांदा एक चाळीस आणि दुसरे साडेचाळीस आले. गोंद ओला होता म्हणून निभावले.

आणि आता तो पीळ. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. वरच्या चौकटीच्या चार कोपऱ्यांवर चार चुका ठोका आणि लाकडाला अगदी लागून दोन दोऱ्या फुलीसारख्या ताणून बांधा. मधल्या आडव्या तुकड्यावर दोऱ्या टेकू नयेत म्हणून तो तुकडा ही तपासणी झाल्यावर बसवा. दोऱ्या मध्यावर एकमेकींना नुसत्या शिवल्या पाहिजेत. एक दोरी दुसरीला दाबत असेल किंवा दोघींत फट असेल, तर चौकटीला पीळ आहे. मग खालची दोरी वर घेऊन पुन्हा पाहावे. माझ्या चौकटीत काडीभर फट दिसली. एका कोपऱ्यावर रंध्याचे पाच-सहा हात फिरवले आणि ती गेली. या दहा मिनिटांच्या कामासाठी मी लोखंडी स्टँडच्या वेळी सात महिने आणि आठ मासे दिले होते. लोखंडी स्टँड वाईट असतो असे मात्र समजू नका. उद्यमनगरात उत्तम कारागीर आहेत. चौकोनी पाइपचा स्टँड करून घेत असाल तर चारही कोपऱ्यांना आधी टाके मारून, मग आलटून पालटून वेल्डिंग करायला सांगा, आणि घेताना ही दोरी खिशात ठेवा.

पीळ गेला, तरी स्टँड बाजूला झुकण्याची भीती राहते. काडीपेटीतला आतला कप्पा काढून नुसते बाहेरचे कवच बोटांनी बाजूला ढकला, ते लगेच तिरपे होऊन चपटे होते. कप्पा आत घातला की नाही होत. चार खांबांचा स्टँड म्हणजे ते रिकामे कवच आहे. त्याच्या मागच्या बाजूला आणि दोन्ही कुशींना बारा मिलिमीटरचे प्लायवुड लावले, की तो झुकत नाही. वर टाकीखाली अठरा मिलिमीटरची फळी. प्लायवुड घेताना आयएस 710 हा मानकाचा शिक्का पाहावा, ते पाण्यात टिकणारे मरीन प्लायवुड. आयएस 303 च्या साध्या प्लायमधली एक प्रत नुसती ओल सोसते, पाण्यात टिकत नाही. कडांना ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत, कारण पाणी कडेतूनच आत शिरते. फळी आणि काच यांच्यामध्ये दहा मिलिमीटर थर्माकोल घालावे. काचेखाली वाळूचा एखादा खडा राहिला तरी ते सांभाळून घेते. तीन मिलिमीटरचा पीळ मात्र ते सांभाळत नाही, हे लक्षात असू द्या.

स्टँड जागेवर ठेवल्यावर फरशीचा ढाळ दिसतो. आपल्या घरांतून पाणी मोरीकडे जावे म्हणून गवंडी तो मुद्दाम देतात. गवंड्याची पारदर्शक नळी पाण्याने भरून चारही कोपऱ्यांची पातळी जुळवा. जिथे फट राहील तिथे खांबाच्या बरोबर खाली प्लायची किंवा ॲल्युमिनियमची पाचर द्या. पुठ्ठा नको, घडी केलेला कागद नको. पाचर नेहमी स्टँडखाली, काचेखाली कधीच नाही. टाकी आधी दोनच इंच भरून चारही कोपऱ्यांत पट्टीने पाण्याची उंची मोजा. सारखी आली तर अर्धी भरा, एक रात्र जाऊ द्या, पुन्हा मोजा, आणि मगच पूर्ण भरा. प्लगचा बोर्ड भिंतीवर टाकीपेक्षा उंच ठिकाणी असेल तर उत्तम. नसेल तर वायर प्लगपेक्षा खाली लोंबती सोडावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे थेंब प्लगमध्ये न जाता खाली पडतात. हा बदल आमच्या घरी बायकोने आधी करून घेतला, मगच टाकीत पाणी पडले.

स्टँडला आता दुसरा पावसाळा गेला. जुलैच्या झडीत बैठकीचे दार फुगून अडले आणि मला त्याची कड घासावी लागली. टाकीच्या काचेवर मी पाण्याच्या पातळीला पेन्सिलीने चार कोपऱ्यांत चार खुणा केल्या आहेत. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पाणी बरोबर खुणेपर्यंत भरायचे आणि नातू पट्टी घेऊन त्या तपासतो. मागच्या शनिवारी चारही बरोबर होत्या. बाजूला अजून एक फुटी टाकी मावेल का, असे तो आता विचारतो आहे.