एकाच मापाचा मार्ग

मुलांनो, नागपूरच्या इतवारी स्थानकावर २०१९ पर्यंत दोन प्रकारच्या आगगाड्या दिसत. एक १६७६ मिलिमीटर रुंदीच्या मार्गावरून धावणारी. दुसरी नागभीडकडे जाणारी, अवघ्या ७६२ मिलिमीटर रुंदीच्या मार्गावरची. एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर चालत नसे. म्हणून उतारूंना गाडी बदलावी लागे.

इंटरनेटवरून येणाऱ्या चलच्चित्रांनाही असेच सामाईक माप लागते. १९२० आडव्या व १०८० उभ्या ठिपक्यांच्या एका चित्रात वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. अशी पंचवीस चित्रे दर सेकंदाला दाखवायची आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग तीन बाइटांत नोंदवायचा म्हटले, तर सेकंदाला पंधरा कोटींहून अधिक बाइट पाठवावे लागतील. एवढा भार वाहणे कठीण, म्हणून त्याचा आटोपशीर गठ्ठा बांधतात व पोचल्यावर तो उलगडतात. या रीतीला ‘कोडेक’ म्हणतात. मैदानावर चेंडू धावतो, पण मागचे झाड जागीच असते. ते पुन्हा पुन्हा कशाला पाठवावे? जेवढे बदलले तेवढेच कळवावे. शिवाय डोळ्यांना न जाणवणारे बारकावेही गाळता येतात.

बारकावे गाळण्याचे गणित बंगळूरला जन्मलेल्या नासिर अहमद यांनी सुचविले. १९७२ मध्ये अमेरिकेत त्यांनी त्यासाठी अनुदान मागितले. ते मिळाले नाही. तरी त्यांनी काम सोडले नाही. १९७४ मध्ये टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह त्यांनी ते प्रसिद्ध केले. आजही अनेक कोडेक त्याच पायावर उभे आहेत.

२००३ मध्ये आलेला एच.२६४ हा कोडेक सर्वत्र पसरला. परंतु त्यावर अनेक कंपन्यांचे पेटंट असल्याने यंत्रे बनवणाऱ्यांना शुल्क द्यावे लागे. मार्ग एकच, पण त्यावर जकातनाका! म्हणून २०१० मध्ये गूगलने व्हीपी८ हा कोडेक सर्वांना खुला केला. २०१५ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून एक संघ स्थापिला आणि २०१८ मध्ये ‘एव्ही१’ हा कोडेक प्रसिद्ध केला. त्याची रचना कोणीही वाचावी, सुधारावी, विनाशुल्क वापरावी, असा त्यांचा हेतू आहे. मात्र त्यावरही काहींनी पेटंटचा हक्क सांगितला आहे, आणि त्याचा गठ्ठा बांधण्यास संगणकाला श्रमही अधिक पडतात.

मुलांनो, खेड्यातील विद्यार्थ्याने स्वतः टिपलेले चित्र जगाला दाखवावे आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागू नये, हे या खटाटोपामागील मर्म आहे. मार्गाचे माप एक असावे, हे खरेच. पण तो मार्ग सर्वांचा असावा, हे त्याहून महत्त्वाचे.